सरळ काठाचे वाडगे

व्यापाऱ्याने वाडगा उलटा केला, सुलटा केला, उन्हाकडे धरून एक डोळा मिटून त्याच्या काठावरून पाहिलं आणि परत टोपलीतल्या गवतात ठेवून दिला.

"हे नाही चालणार," तो म्हणाला.

थोरली सून चाकावरून उठून आली. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, ते तिने अंगापासून लांब धरले होते. कुठे तडा गेला, कुठे भाजायचं राहिलं, हे बघायला ती वाकली. वाडग्याला काही झालं नव्हतं. तिने बोटाच्या पेराने टिचकी मारली. खणखणीत वाजला.

"काय झालं ह्याला?"

"काही झालं नाही, हेच झालंय," व्यापारी म्हणाला. "बघा ना, सगळे एकसारखे. काठ कसा, जसा काही कंपासने काढलाय. गिऱ्हाईक म्हणतं, कारखान्याचा माल आम्हाला हातचा म्हणून विकता का?"

"हातचाच आहे."

"तुम्ही म्हणता हो. पण बाई, खरं सांगा, आपल्यातच राहील. साचा आणलाय का कुठून?"

थोरलीला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. कळलं तेव्हा तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. तिने दिराकडे पाहिलं. घरचा बाहेरचा व्यवहार धाकटा दीर बघायचा; माल वाहणं, विकणं, बोलणं सगळं त्याचं. नवरा माती खणायचा, तुडवायचा, भट्टी लावायचा. सासूने आयुष्यभर चाक फिरवलं होतं, आता तिच्या बोटांच्या गाठी झाल्या होत्या. चाक थोरलीचं. आता धाकटा तरी म्हणेल की साहेब, असलं काही बोलू नका. धाकटा गाडीच्या चाकाकडे बघत उभा होता.

व्यापाऱ्याने गाडीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तो एक वाडगा होता. एका बाजूला कललेला, बुडाला जड, काठ कुठे जाड कुठे पातळ, आणि पोटात अंगठा दाबून खड्डे पाडलेले.

"हे बघा. ह्यात जीव आहे. असे पाहिजेत. हाताने केल्यासारखे वाटले पाहिजेत."

"हाताने केलेले हाताने केल्यासारखे कसे वाटत नाहीत?" थोरलीने विचारलं.

"तेच तर," व्यापारी समजुतीने म्हणाला. "थोडं वाकडं करा. जरा चुका. तुम्हाला काय अवघड आहे?"

"होऊन जाईल साहेब," धाकटा म्हणाला.

तयार वाडगे व्यापाऱ्याने घेतले नाहीत. नमुन्याचा तो वाकडा वाडगा ओट्यावर ठेवून तो गेला.

त्या वर्षी तळं आटलं होतं. पाऊस आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. तळाची चिकणमाती जी एरवी फावड्याने लोण्यासारखी निघायची, ती आता दगड होऊन बसली होती. नवरा सकाळी कुदळ घेऊन जायचा, घाव घालायचा, ढेकळं फोडायचा आणि पाठ धरून परत यायचा. ती ढेकळं कुटायची, चाळायची, भिजत घालायची. भिजवायला पाणी विहिरीच्या तळातून खरवडून काढावं लागायचं. आठवड्याच्या बाजारात लोकांनी केव्हाच प्लास्टिक धरलं होतं. तिथे चार मडकी विकली तर विकली. अशा वेळी हा शहरातला व्यापारी आला होता आणि दोन खेपा माल घेऊन गेला होता. घरात तेल आलं होतं, छपरावर नवा पत्रा आला होता. धाकट्याचं लग्न रखडलं होतं, त्याच्या बोलण्यात पुन्हा तो विषय येऊ लागला होता. एवढं सगळं त्या गाडीच्या भरवशावर उभं होतं.

म्हणून थोरलीने करून बघितलं. तिने केलंच नाही असं कोणी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी तिने नमुन्याचा वाडगा चाकासमोर ठेवला, गोळा घेतला, थापून मधोमध बसवला. गोळा मधोमध बसेपर्यंत ती कधी बोलत नसे. हाताखालची माती आधी धडपडते, उसळ्या मारते, मग हळूहळू शांत होते. ती शांत झाली की थोरलीही आतून शांत व्हायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला पहिलं वर्ष नुसते गोळे मधोमध बसवायला लावले होते. वाडगा करू दिला नव्हता. पुढे वाडगे करू लागली तेव्हा सासू एकेक उचलून म्हणायची, "इथे तुझं लक्ष कुठे गेलं होतं?" आणि खरंच, तिथे ती आईच्या आठवणीत असायची, नाहीतर नवऱ्याच्या बोलण्याच्या रागात. एवढ्याशा काठावर माणूस पकडला जातो, ह्याची तिला तेव्हा भीती वाटे. नंतर त्याचीच गोडी लागली. मनात काहीही असो, चाकावर बसलं की ते बाजूला ठेवायचं आणि फक्त काठाबरोबर चालायचं. मनासारखा नाही झाला तर बुडाखालून तार ओढून गोळा परत मातीत. कोणी सांगत नव्हतं, कोणी बघत नव्हतं, गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. तिला कळायचं.

पहिला वाडगा सरळ आला. हातच गेला तिकडे. दुसराही सरळ आला. तिसऱ्याला तिने जाणूनबुजून काठाला धक्का दिला, पोटात अंगठा रोवला. वाडगा कलला. तिने तो फळीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. धडधाकट माणसाने रस्त्यात लंगडत चालून भीक मागावी, तसा तो वाडगा बसला होता. तिला त्याची कीव आली नाही, संताप आला. स्वतःचाच. तिने तार ओढायच्या आधीच तो मुठीत चिरडला.

धाकटा दारात उभा होता. "झाला होता की चांगला."

"मला नाही करायचं, भाऊजी."

"जमत नाही की करायचं नाही?"

"करायचं नाही."

"वा. म्हणजे घराने तुमच्या हट्टावर जगायचं." तो आत आला, नमुन्याचा वाडगा हातात घेतला. "वहिनी, गिऱ्हाईक म्हणतंय वाकडं दे, आपण वाकडं द्यायचं. सरळ मागितलं तर सरळ. ह्यात एवढं कसलं आलंय?"

"गिऱ्हाईक वाकडं नाही मागत. गिऱ्हाईक हातचं मागतंय, आणि हा त्याला सांगतोय की हात म्हणजे वाकडं. माझा हात तसा नाही."

"तुमचा हात काय सोन्याचा लागून गेलाय का?"

सासू ओट्यावरून म्हणाली, "कर गं. चार वाडगे वाकडे केल्याने हात काही झडत नाही."

हे थोरलीला लागलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर लागलं नसतं. जिने वर्षभर गोळे बसवायला लावले तीच म्हणाली. म्हातारीनेही बोलल्यावर मान फिरवली, बोटांच्या गाठी चोळत बसली. नवरा अंगणात माती तुडवत होता. त्याचे पाय थांबले नाहीत. तो कोणाच्याच बाजूने कधी बोलत नसे, आणि घरात सगळे ह्याला त्याचा चांगला स्वभाव म्हणत.

शेवटी धाकटाच चाकावर बसला. त्याला चाक येत होतं, पण त्याचं कधी त्यात मन नव्हतं. त्याचे वाडगे वाकडे करावे लागत नव्हते. सकाळी तो बसे, दुपारनंतर थोरली. तो आपले व्यापाऱ्यासाठी, ती आपले बाजारासाठी. पाणी मोजून, मातीचा ढीग वाटून. जेवताना तो तिच्याकडे न बघता बोलायचा. "आता पाणी सरळ मडक्यांनाच जास्त लागतं वाटतं." किंवा "आमच्याकडे मोठे कलावंत आहेत, आम्ही आपले मजूर." ती ताट उचलून आत जायची. पण चाकावर बसली की हे शब्द तिच्या बोटांत यायचे, काठ थरथरायचा, आणि तिला पुन्हा पहिल्या वर्षाच्या सुनेसारखं गोळा नुसता धरून बसावं लागायचं. राग ओसरेपर्यंत. कधीकधी अख्खी दुपार त्यात जायची आणि फळीवर फार थोडे वाडगे उभे राहायचे. तेवढे मात्र तिचे असायचे.

माल न्यायची गाडी यायची होती त्याच्या आदल्या आठवड्यात धाकट्याच्या लक्षात आलं की आपले वाडगे पुरे पडत नाहीत. त्या दिवशी नवऱ्याची पाठ अगदीच धरली म्हणून थोरली कुदळ घेऊन स्वतः तळ्यावर गेली. ऊन टाळूत शिरत होतं. कुदळीच्या प्रत्येक घावाला मनगट झणझणत होतं, माती तेवढीच खपली सोडत होती. डोक्यावर घमेलं घेऊन ती परत आली, घमेलं टेकवलं, आणि पाणी प्यायच्या आधी सवयीने छपरात डोकावली, वाडगे किती सुकले ते बघायला.

फळीवरच्या सगळ्या वाडग्यांच्या पोटात अंगठा दाबलेला होता.

एकही सोडला नव्हता. काठ एका बाजूने खाली दाबले होते. काही अर्धवट सुकले होते, ते दाबताना चिरले होते. त्या चिरा वरून ओली माती लावून लिंपल्या होत्या. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. दोन आठवड्यांच्या दुपारी होत्या तिथे. कोणीतरी झोपलेल्या माणसाच्या तोंडाला काळं फासावं, तसं झालं होतं.

नवरा छपराच्या खांबाला टेकून बसला होता. हात मांडीखाली घातलेले.

"कोणी केलं?"

त्याने हात आणखी आत सरकवले.

"भाऊजींनी?"

"त्याने सांगितलं," नवरा म्हणाला. मग मांडीखालचे हात बाहेर काढून म्हणाला, "बोटं माझी आहेत."

तिने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने तिच्या एका वाडग्याला वावगं बोट लावलं नव्हतं. भट्टीत रचताना तो एकेक असा उचलायचा की जणू त्यांना जाग येईल. तिला वाटलं, आपण ओरडू. पण ओरडणं बाहेर येईना.

"तळ्यावर मी गेले ते तुम्हा दोघा भावांना बरंच झालं म्हणायचं," ती एवढंच म्हणाली.

अंगणात माती भिजवायची हौदी होती. त्यात धाकट्याने सकाळीच विहिरीवरून आणलेलं पाणी होतं. थोरलीने पहिला वाडगा उचलला आणि त्यात सोडला. कच्ची सुकी माती पाण्यात पडली की आधी चर्र आवाज करते, बुडबुडे सोडते, मग काठ ढासळतो आणि सगळा आकार गप्प खाली बसतो. तिने तो पुरता बसेपर्यंत बघितलं. मग दुसरा सोडला.

धाकटा धावत आला. "वहिनी, काय करताय? ते पाणी आहे, पाणी. डोकं फिरलं का?"

"माझे आहेत."

"घरचे आहेत ते. दादा, बघतोस काय, धर तिला."

दादा उठला नाही. धाकट्याने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण वहिनीच्या अंगाला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने फळीवरचे उरलेले वाडगे वाचवायला बघितलं, तर चिरलेले त्याच्या हातातच तुटले. सासू ओट्यावरून उतरून आली आणि हौदीजवळ येऊन उभी राहिली. तिने हौदीत हात घालून तळाची माती चिमटीत घेतली, बघितली आणि परत सोडली.

नेमकी तेव्हाच गाडी आली. ठरल्याच्या आधी, व्यापाऱ्याला घाई होती. तो उतरून हौदीपाशी आला, तिच्या हातातला वाडगा त्याने पाहिला.

"अहो बाई, हे काय चाललंय? हे तर अगदी मला पाहिजेत तसे झालेत."

"म्हणूनच," थोरली म्हणाली आणि तो सोडला.

त्यानंतर घर फुटायला वेळ लागला नाही. धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला जागा बघितली, स्वतःची भट्टी लावली आणि दोन माणसं हाताखाली घेतली. व्यापाऱ्याची गाडी तिकडे जाऊ लागली. सासू धाकट्याकडे गेली. "त्याला करून घालायला कोणी नाही," असं ती जाताना म्हणाली. थोरलीने तिचं गाठोडं उचलून दिलं. त्या दोघी एकमेकींशी भांडल्या नाहीत, पण डोळ्यालाही डोळा दिला नाही.

तो हिवाळा वाईट गेला. छपरावरचा नवा पत्रा धाकटा घेऊन गेला होता, तिथे जुनी ताडपत्री आली. नवरा हातगाडीवर मडकी रचून बाजारात न्यायचा, थोरली मागून ढकलायची. बाजारात प्लास्टिकवाल्याच्या शेजारी बसायचं, तो मोठ्याने हाका मारायचा, त्या ऐकायच्या. मडकी कधी विकली जायची, कधी जशीच्या तशी परत. नवरा आधीच कमी बोलायचा, आता अगदी मुका झाला होता. पण तळ्यावर तिला जाऊ देत नव्हता. पाठ वाकवून, कण्हत, तोच खणायचा, आणि माती इतकी बारीक चाळायचा की थोरलीच्या बोटांना एक खडा लागत नसे. ती त्याला माफ केलं असं कधी म्हणाली नाही. माती चांगली आहे, एवढं म्हणायची.

वसंताच्या तोंडावर बाजारात एक बाई तिच्यासमोर थांबली. शहरातून पाहुणी आली असावी. ती मडक्यांकडे बघेना, थोरलीच्या तोंडाकडेच बघत राहिली.

"तुम्ही इथे कशा बसता?" तिने विचारलं. "शहरात दुकानात तर तुमचा एवढा मोठा फोटो लावलाय."

"माझा?"

"तुमचाच की. मी वाडगाही घेतला तुमच्या हातचा. राग मानू नका, पण टेबलावर ठेवला की कलतो. म्हटलं असू दे, हातचा आहे."

थोरलीने हातातलं मडकं खाली ठेवलं. मग तिला आठवलं. व्यापाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर. माल भरताना ती चाकावर असली की तो सारखा मोबाईल समोर धरायचा. तिला वाटायचं, रस्ता बघतो.

"तो माझ्या हातचा नाही," ती त्या बाईला म्हणाली.

"मग फोटो कसा?"

थोरलीने तिच्याकडून दुकानाचं नाव विचारून घेतलं आणि मडकी गाडीवर रचायला घेतली. बाजार अर्धाही झाला नव्हता. नवऱ्याने का म्हणून विचारलं नाही, त्याने सगळं ऐकलं होतं. दोघांनी गाडी ओळखीच्या दोरवाल्याकडे सोपवली आणि शहराची बस धरली.

दुकान शोधायला फार फिरावं लागलं नाही. काचेतूनच ती दिसली. भिंतभर. चाकावर वाकलेली, गालाला माती, डोळे खाली. तिने स्वतःला चाकावर कधी बघितलं नव्हतं. क्षणभर तिला ती बाई आवडली. आपण गोळा बसवताना अशा दिसतो तर. मग तिने खाली मांडलेले वाडगे बघितले, धाकट्याचे, ढोपर मोडल्यासारखे एकमेकांवर कललेले. आणि फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं वाचलं. तिला वाचायला वेळ लागायचा, ती एकेक अक्षर लावत गेली.

या हातांना सरळ रेघ माहीत नाही.

तिने ते पुन्हा वाचलं, काही चुकलं असेल म्हणून.

"या ना, आत या," दुकानातली मुलगी म्हणाली, आणि मग ओळखून चकित झाली. तिने आतल्या खोलीत जाऊन व्यापाऱ्याला बोलावलं. तो हसत आला, खुर्ची सरकवली, चहा सांगितला.

"हे काढा," थोरली म्हणाली.

"काय?"

"फोटो. आणि ते लिहिलंय ते."

"अहो, कौतुक आहे ते तुमचं. लोक थांबून वाचतात."

"केस पांढरे झाले माझे ह्या हातांना सरळ रेघ शिकवण्यात," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "तुम्ही माझे वाडगे नाही घेतले, ठीक. तुमचं दुकान. साचा आणलाय म्हणालात, तेही ऐकून घेतलं. पण माझं तोंड लावून दुसऱ्याचं वाकडं विकता, आणि वर लिहिता की हिला येतच नाही?"

"येत नाही असं कुठे लिहिलंय? भावार्थ समजून घ्या." त्याने आवाज खाली आणला. "असं करू. तुम्ही आठवड्यातून एकदा इथे येऊन चाकावर बसा. काचेमागे. चार लोक बघतील, तुम्हालाही दोन पैसे सुटतील. घरचाच माल आहे शेवटी, तुमच्या दिराचा."

"मग दिराचा फोटो लावा."

व्यापाऱ्याने सुस्कारा सोडला. "फोटो आमच्या माणसाने काढलाय, बाई. छपाईचा खर्च आमचा. तो असा काढता येत नाही." तो वळला आणि मुलीला म्हणाला, "ह्यांना चहा दे आणि बसमध्ये बसवून दे."

थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. वरच्या फळीवरच्या वस्तू काढायला कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं. तिने ते उचललं, भिंतीपाशी नेलं, वाडग्यांची एक रांग हलक्या हाताने बाजूला सारली. एकही फुटू दिला नाही. स्टुलावर चढली. स्टूल डगमगलं. तिने भिंतीला हात टेकला तो फोटोतल्या तिच्याच खांद्यावर पडला.

"अहो बाई, उतरा. पडाल," व्यापारी म्हणाला. "अहो, ह्यांना कोणीतरी सांगा."

तो तिच्या नवऱ्याकडे बघून बोलत होता. नवरा दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन, पायपुसण्याच्या पुढे पाऊल न टाकता. आयुष्यात त्याला ज्याने जे सांगितलं, ते त्याने केलं होतं. तो आत आला. चिखलाच्या टाचा त्या चकचकीत फरशीवर उमटत गेल्या. व्यापारी बाजूला झाला. नवरा स्टुलापाशी आला, पाठ धरली होती तरी वाकला, गुडघा टेकला आणि दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरले.

"धरलंय मी," तो म्हणाला. "काढ तू."

तिने फोटोच्या वरच्या कोपऱ्यात नख घातलं.